शेरा: जमा

४ मार्च

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण दीर हल्ली दिवसभर घरी असतात आणि मी फोन कानाला लावला की त्यांना नेमकं माझ्या दारात काहीतरी काम निघतं. तुझा फोन तर ऑफिसच्या फाटकावरच काढून घेतात. म्हणून हा कागद.

कालच्या पेपरात वाचलं की तुमची परवाना शाखा सगळ्या बंदूकवाल्यांची यादी वेबसाइटवर टाकणार आहे. नाव, पत्ता, कोणती बंदूक, सगळं. कोणीही घरबसल्या बघावं. बंदूकवाले ओरडताहेत की आमच्या घरातलं चव्हाट्यावर का मांडता. ते त्यांचं बघून घेतील. माझी अडचण उलटी आहे.

ह्यांची दुनळी आठ वर्षांपूर्वी तुमच्याच ऑफिसात दिली. हे तुला माहीत, मला माहीत, आणि हे होते तोवर ह्यांना माहीत. चौथ्या माणसाला नाही. दीर अजून धरून चाललेत की ती माझ्या कपाटावर, रजयांच्या मागे आहे. मी कधी आहे म्हटलं नाही आणि कधी नाही म्हटलं नाही. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून दीरांना माझी पुढची खोली हवी आहे. बॅटऱ्यांचं दुकान टाकायचंय. मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच असतात, पण रस्ता पुढे आहे ना. घर दोघा भावांचं, वाटणी तोंडी झालेली, त्यामुळे कागद दाखवून कोणाचं तोंड बंद करावं अशी सोय नाही. दर महिन्याला येतात, स्टुलावर बसतात, "वहिनी, जरा विचार करा" म्हणतात. आवाज चढायला लागतो, मग नजर कपाटावर जाते, मग आवाज उतरतो. चहा घेतात आणि जातात. असं छत्तीस वेळा झालंय.

त्या खोलीत माझी दोन मशीनं आहेत. शाळांचे गणवेश तिथेच शिवते, त्यावरच माझं चाललंय. खोली गेली तर मशीनं डोक्यावर घेऊन फिरू का?

यादी लागली की सगळ्यांत आधी दीर बघणार. माझं नाव नाही, म्हणजे बंदूक नाही. तेव्हा एवढं कर, यादीत माझं नाव घाल. तुझ्या हातातलं काम आहे. एका ओळीचा तर प्रश्न.

ताई

९ मार्च

ताई,

विषय: यादीत नाव घालण्याबाबत.
संदर्भ: तुझं ४ तारखेचं पत्र.

हे जेवणाच्या सुट्टीत, माझ्या स्वतःच्या कागदावर लिहीत आहे. गैरसमज नको.

तुझी विनंती मान्य करता येत नाही. ज्याच्याकडे शस्त्र नाही त्याला शस्त्रधारक दाखवणं ही खोटी नोंद होते. एका ओळीचीच असली तरी.

यादीवरून इथेही रोज कोणी ना कोणी येतं. परवा शस्त्रधारक संघटनेचे सहा जण साहेबांकडे आले. त्यांचं म्हणणं, ही यादी म्हणजे चोरांना पत्ते वाटणं आहे. कुठे बंदूक आहे तेही कळणार आणि कुठे नाही तेही. (म्हणजे तुझंच म्हणणं, फक्त मिशा लावून.) दुपारी मुलांच्या एक डॉक्टर बाई आल्या. त्या म्हणाल्या, माझी मुलगी शेजारी खेळायला जाते, त्या घरात पलंगाखाली काय आहे हे मला कळायला नको का? साहेबांनी सकाळीही "अगदी बरोबर" म्हटलं आणि दुपारीही. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, यादी असावी, पण आमच्या कपाटात असावी. मला कोणी विचारलं नाही.

जुनं रजिस्टर काढून तुमची नोंद बघितली. दाजींचं नाव, दुनळी, क्रमांक, शेरा: जमा. कारणाच्या रकान्यात फक्त 'घरगुती'. तारीख बघितली तर त्या दिवशी मी रजेवर होतो. दाजींचा जीव होता त्या बंदुकीवर. गोदामावरची पहाऱ्याची नोकरी संपली तरी दर रविवारी पुसायला बसायचे. मग एकाएकी का दिली? मी तेव्हाही विचारलं होतं, तू विषय बदललास.

दीरांशी सरळ बोल. सरळ बोलण्याला परवाना लागत नाही.

धाकटा

२१ मार्च

धाकट्या,

तू म्हणजे अगदी पोहोचलेला आहेस! पत्रात नाही नाही म्हणायचं आणि गुपचूप काम करून मोकळं व्हायचं. मी तुला उगाच तत्त्ववादी समजत होते. काल यादी लागली आणि आमच्या गल्लीतून एकच नाव, ह्यांचं. खाली 'दुनळी, एक'. दीरांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापूनच आणली. माझ्यासमोर धरून म्हणाले, "वहिनी, म्हणजे आहे तर." मी तशीच शिवत राहिले.

ह्या महिन्याचं "जरा विचार करा" झालेलं नाही. उलट काल येऊन माझ्या दाराची कडी घट्ट करून दिली. समोरच्या बाई आधी माझ्या पायरीवर कचऱ्याचा डबा ठेवायच्या, तो आता त्यांच्या पायरीवर असतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी गणवेशाचे राहिलेले पैसे न मागता पाठवले. मी बंदूक असताना कधी एवढी सुखात नव्हते.

तू विचारलंस, का दिली. कपाटावर रजयांना जागा नव्हती, म्हणून. बाकी काही नाही.

ह्या पत्राचं काय करायचं ते तुला कळतंच. फाडून टाक.

तुझ्यावर खूश असलेली
ताई

२६ मार्च

ताई,

विषय: गैरसमज दूर करणे.

मी काहीही केलेलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर मला पाणी प्यावं लागलं. पत्र फाडलेलं नाही, कारण येणारा कागद फाडायची मला सवय नाही. ते घरी ठेवलंय.

झालं ते असं. जुनी रजिस्टरं संगणकात भरायचं काम बाहेरच्या लोकांना दिलं होतं. त्यांनी त्याआधी एका पतपेढीच्या वह्या भरल्या होत्या. आमच्याकडे 'जमा' म्हणजे बंदूक सरकारजमा झाली, घरातून गेली. पतपेढीत 'जमा' म्हणजे खात्यात आली. त्यांनी ती तुमच्या खात्यात धरली. ज्यांनी ज्यांनी बंदूक परत केली ते सगळे आज यादीत बंदूकवाले आहेत. असे त्रेसष्ट. त्यांत एक गाण्याचे मास्तर आहेत, एक ब्याण्णव वर्षांच्या आजी आहेत आणि चार जण हयात नाहीत, दाजी धरून पाच.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. बाप गेल्यावर बंदूक मुलाच्या नावावर होते तेव्हा आम्ही शेऱ्यात 'मुलाच्या नावे' लिहितो. पतपेढीत 'नावे' पडलं की खात्यातून गेलं. त्यामुळे ज्यांच्याकडे खरोखर बंदुका आहेत असे सतरा जण यादीतच नाहीत. ते सतरा जण तक्रार करायला आलेले नाहीत.

चूक माझ्या लक्षात आली आहे, तेव्हा ती मला कळवावी लागेल. टिपणी तयार आहे. साहेब रजेवर आहेत, सोमवारी येतील, सोमवारी ठेवीन. तुला वाईट वाटेल हे मला कळतं. मलाही वाटतं आहे. पण टिपणी ठेवीन.

आणि रजयांचं कारण मला पटलेलं नाही. दुनळी उभी भिंतीला टेकवता येते.

धाकटा

३१ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आज हातात पडलं. एक दिवस आधी पडलं असतं तरी काही फरक नव्हता.

काल दुपारी मी गणवेशांचे गठ्ठे घेऊन शाळेत गेले होते. तासाभराने आले तर कडीसकट दार उघडं. कपाट आडवं, रजया फाडलेल्या, पलंगाची फळी उचकटलेली, मशीनच्या खालचे खणसुद्धा उपसलेले. डब्यातले पैसे जसेच्या तसे. कानातलं पेटीत तसंच. बिचारे ज्यासाठी आले होते ते त्यांना मिळालं नाही.

दीर आले, समोरच्या बाई आल्या, मग हवालदार आले. हवालदारांच्या हातात तुमची यादी. "बाई, यादीत दुनळी आहे. ती कुठाय?" माझ्या उजव्या हाताला दीर उभे. आता तूच सांग, मी काय म्हणावं? मी इकडे तिकडे बघितलं आणि म्हटलं, "दिसत नाही."

ह्यात खोटं काय आहे? दिसत नव्हतीच. त्यांनी लिहून घेतलं 'शस्त्र चोरीस गेले' आणि मी सही केली. सही करताना वाचलं नाही असं म्हणणार होते, पण वाचलं होतं.

तुझी टिपणी अजून ठेवली नसशील तर थोडी थांबव. पंधरा दिवस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं असेल, पण एवढ्या काकुळतीने नाही.

ताई

५ एप्रिल

ताई,

विषय: अत्यंत तातडीचा.

टिपणी सोमवारीच ठेवली. साहेबांनी वाचली, "अगदी बरोबर" म्हणाले आणि खणात ठेवली. कारण ह्या आठवड्यात यादीतल्या आणखी चार घरी चोरी झाली आहे. संघटनेचे लोक म्हणताहेत, बघा, आम्ही सांगत होतो. डॉक्टर बाई म्हणताहेत, बघा, बंदूक घरात ठेवली की हे होतं. अशा वेळी यादीच चुकीची आहे हे सांगायला साहेबांना मुहूर्त सापडत नाहीये.

तुझ्या दुनळीसाठी गावाबाहेर जाणाऱ्या तिन्ही रस्त्यांवर गाड्या तपासल्या जात आहेत. ती दुनळी आमच्या मागच्या कोठीत, तिसऱ्या फळीवर, गळ्यात चिठ्ठी बांधून उभी आहे. मी काल जाऊन बघून आलो. धूळ आहे, बाकी ठीक आहे.

हे सगळं मी एखाद्या वेळी गिळलं असतं, तू बहीण आहेस. पण त्या दुपारी तुमच्या गल्लीतून एक भंगारवाला गेला होता. त्याला तीन दिवसांपासून चौकीत बसवून ठेवलंय आणि बंदूक कुठे लपवलीस म्हणून विचारताहेत. त्याची बायको आमच्या ऑफिसात आली होती, कोणीतरी तिला इथे पाठवलं. माझ्या टेबलासमोर दोन तास उभी होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कोठीत गेलो होतो.

तू चौकीत जाऊन सांगितलंस तर ते तुझ्या तोंडून होईल. नाही तर मला सांगावं लागेल, आणि मग खोटी तक्रार दिली म्हणून तुझ्यावर येईल. मी गुरुवारपर्यंत थांबतो. त्यापुढे एक दिवसही नाही.

ते विचारतील, बंदूक का जमा केली होती. काय ते खरं मला तरी सांग.

धाकटा

९ एप्रिल

धाकट्या,

जाऊन आले. भंगारवाल्याला माझ्यासमोर सोडलं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, माझी हातगाडी परत मिळवून द्या." ती बाहेर होती, एक चाक नव्हतं. त्या चाकाचे पैसे मी दिले.

तिथले मोठे साहेब बराच वेळ माझ्यावर ओरडले. मग त्यांना यादीतली चूक कळली तेव्हा तेवढाच वेळ फोनवर तुमच्या साहेबांवर ओरडले. शेवटी असं ठरलं की चूक दोघांची आहे म्हणजे कोणाचीच नाही. एक कागद लिहून घेतला आणि ताकीद देऊन सोडलं. बंदूक का दिली होती ते त्यांनी विचारलंच नाही. तू तेवढा विचारतोस.

तर ऐक. गोदामाची नोकरी सुटल्यावर हे बोलेनासे झाले. आधीही फार बोलत नव्हते, पण आधी त्यात बरं वाटायचं. दिवसदिवस खिडकीकडे तोंड करून बसायचे. जेवायला बोलावलं तर यायचे, नाही बोलावलं तर नाही. रविवारी बंदूक पुसायचे ते रोज पुसायला लागले. एका दुपारी मी बाजारातून आले तर पलंगावर बसलेले, बंदूक मांडीवर, फडकं हातात. मी म्हटलं, पुसताय होय. हो म्हणाले. तेलाची बाटली शेजारी होती आणि तिचं बूच लावलेलं होतं. फडकं कोरडं होतं. बंदूक मधून उघडून बघितली तर दोन्ही नळ्यांत काडतुसं.

मी ओरडले नाही. पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग म्हटलं, चला, ही आपण देऊन टाकू. ते म्हणाले, "हो, घरात नको." लहान मुलासारखे उठले. चादरीत गुंडाळून आम्ही दोघं चालत तुझ्या ऑफिसात आलो. तू रजेवर आहेस हे मला माहीत होतं. असतास तर ते आलेच नसते, मेहुण्यासमोर. तिथल्या कारकुनाने कारण विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी म्हटलं, घरगुती.

त्यानंतर पाच वर्षं जगले. त्यांतली चार चांगली. शेवटी हृदयानेच गेले, बिछान्यात, ते तू बघितलंस.

मी कोणाला सांगितलं नाही, लोकांनी त्यांच्याकडे त्या नजरेने बघू नये म्हणून. ते गेल्यावर तीच गोष्ट दीरांसाठी उपयोगी पडली, म्हणून गप्प राहिले. आधी त्यांच्यासाठी लपवलं, मग माझ्यासाठी. ह्याची मला लाज वाटते. आता कागदावर आलं. हा तरी फाड.

ताई

२२ एप्रिल

ताई,

विषय लिहीत नाही.

तुझं पत्र मी फाडलं. पहिलाच कागद. आधी तीनदा वाचलं. तू मला सांगितलं नाहीस ह्याचा राग आला होता. मग आठवलं, मी आठ वर्षांत जेव्हा जेव्हा विचारलं ते कसं विचारलं. रकाना रिकामा दिसला की विचारतो तसं. माझं चुकलं.

यादी दोन आठवडे 'देखभालीसाठी' बंद होती, आज पुन्हा लागली. आता जमा केलेल्यांची यादी वेगळी आहे आणि त्यात कारणाचा रकाना सगळ्यांना दिसतो. मी साहेबांना म्हटलं, हा रकाना लोकांना कशाला? माणसाने बंदूक का ठेवली हे एखाद्या वेळी शेजाऱ्याने विचारावं, का सोडली हे कोणाचंच काम नाही. साहेब "अगदी बरोबर" म्हणाले. रकाना तसाच राहिला.

'घरगुती' हा शब्द संगणक घेत नाही. तो चारच कारणं देतो: विक्री, परवाना रद्द, वृद्धापकाळ, आणि अन्य. अन्य निवडलं की पुढे सविस्तर लिहावं लागतं. त्रेसष्ट नोंदी माझ्याकडे होत्या. बासष्ट करून मी तुमच्या नोंदीपाशी थांबलो. चहा आला, गार झाला. मग मी 'वृद्धापकाळ' निवडलं. दाजी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. संगणकाने काही विचारलं नाही.

मला वाटलं होतं रात्री झोप लागणार नाही. लागली.

तुझ्या घरात बंदूक नाही हे मात्र आता सगळ्यांना दिसेल. दीर येतील. मी रजा टाकून येऊ का?

धाकटा

४ मे

धाकट्या,

रजा टाकू नकोस. आले आणि गेले.

शनिवारी आले, हातात मोजपट्टी आणि तुमच्या नव्या यादीचा कागद. चौकीतली हकिगत त्यांना कळलेली होतीच, आता छापील मिळालं. स्टुलावर बसले नाहीत. मशीन सरकवून पट्टी भिंतीला लावली. मी म्हटलं, "भाऊजी, खोली मी देणार नाही." एवढं स्पष्ट मी पहिल्यांदाच बोलले. ते म्हणाले, "आता कशाच्या जोरावर, वहिनी?"

मग त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "आणि हे काय? वृद्धापकाळ? दादा तेव्हा अठ्ठावन्नचा होता. मी आज चौसष्टचा आहे आणि दुकान टाकतोय. हे कोणी लिहिलं?"

तुझं नाव घेतलं नाही, काळजी करू नको. हसून वेळ मारून नेता आली असती. पण ते खरंच विचारत होते रे. त्यांना खोलीचा विसर पडला होता. दादाला कोणी म्हातारा म्हटलं ह्याचा राग आला होता. तेव्हा मी सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, त्याच शब्दांत.

पट्टी उघडीच राहिली. तिच्यावरच खाली बसले. म्हणाले, "मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही दर महिन्याला यायचात. एकदाही त्यांच्याबद्दल विचारलं नाहीत." ते म्हणाले, "कपाटाकडे बघायचो, तेव्हा मला तोच आठवायचा." मला तीन वर्षं वाटत होतं की ते बंदुकीला भितात.

थोड्या वेळाने विचारलं, "त्या दुपारी मी घरी होतो का?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "होतात. मागे. रेडिओ लावून बसला होतात."

उठून गेले. पट्टी इथेच राहिली. त्यानंतर खोलीचा विषय निघालेला नाही आणि निघेल असं वाटत नाही. मला वाटलं होतं, असं झालं की मला जिंकल्यासारखं वाटेल. मुळीच वाटलं नाही.

रविवारी मागे रेडिओ लागला नाही. सोमवारी नाही. काल संध्याकाळीही लागला नाही आणि दिवाही नाही, तेव्हा मी शिवण बाजूला ठेवली, मागे गेले आणि त्यांचं दार वाजवलं. आतून म्हणाले, "काही नाही वहिनी, नुसता बसलोय."

मी म्हटलं, "मग मीही बसते. दार उघडा."

ताई